प्रस्तावना : भय, कॅमेरा आणि आपलं वावर

भयपटाचा अभ्यास भुताच्या मेकअपपासून सुरू करण्याची आपल्याकडे सवय आहे. तो उजेडापासून सुरू व्हावा, असं माझं ठाम मत आहे. पाच-सात मिनिटांच्या लघुपटात पूर्वपीठिकेला नि उपकथानकाला जागाच नसते. प्रेक्षकाला काय दिसू द्यायचं आणि काय नाही, एवढंच दिग्दर्शकाच्या हातात उरतं. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगावकडची जी मुलंमुली हातात मोबाइल घेऊन या वाटेला लागली आहेत, त्यांचं या अभ्यासात मनापासून स्वागत.

या वाटेवर मराठी माणूस नवखा नाही. ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींसाठी व्ही. शांताराम १९३३ च्या सुमारास जर्मनीला गेले होते. तिथून परतल्यावर १९३४ मध्ये त्यांचा ‘अमृतमंथन’ आला. छायालेखक केशवराव धायबरांनी त्यात टेलिफोटो भिंगातून राजगुरूचा एकच डोळा पडदाभर दाखवला. तो भयपट नव्हे. पण माणसाचा चेहरा काढून घेऊन नुसता डोळा ठेवला की काय होतं, हे तिथे शिकायला मिळतं. ज्या प्रभात फिल्म कंपनीचा तो चित्रपट, तिच्याच पुण्यातल्या आवारात १९६० मध्ये चित्रपटाचं शिक्षण देणारी संस्था स्थापन झाली.

लघुभयपटाचा धडा मात्र डेव्हिड सँडबर्ग या स्वीडिश दिग्दर्शकाच्या ‘लाइट्स आउट’कडून (२०१३) घ्यावा. लांबी जेमतेम तीन मिनिटं, जागा स्वतःचं घर, नटी स्वतःची पत्नी. ती झोपायला जाताना दिवा मालवते, तर बोळाच्या टोकाला कुणीतरी उभं. दिवा लावला की बोळ रिकामा. पुन्हा मालवला की ती आकृती तिथेच. कॅमेरा स्टँडवर अचल ठेवला म्हणूनच आकृती असलेली आणि नसलेली चित्रं बेमालूम जोडता आली. आणि अचल चौकटीत प्रेक्षकाची नजर आपोआप त्या टोकाला खिळून राहते. हातात धरून हलवलेल्या कॅमेऱ्याने भीती वाढते, हा समज इथे साफ खोटा ठरतो.

जागेचं भय जागेच्या पिकातून येतं. विशाल फुरियांच्या ‘लपाछपी’ या भयपटाने उसाच्या फडाचा चकवा केला. आपल्या जिल्ह्याचं वावर वेगळं आहे. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेच्या आसपास. तीत उभा माणूस लपत नाही, दूरवरून दिसत राहतो. पण तिच्या ओळींमध्ये लावलेली तूर डोक्याच्या वर जाते. म्हणजे एकाच शेतात उघडं मैदान आणि आडोशाची भिंत, दोन्ही तयार! जागलीला बसलेला माणूस तुरीच्या ओळीकडे पाहतो, तेव्हा रानडुक्कर आहे की आणखी काही, हा प्रश्न त्याला खरोखरच पडतो. कॅमेरा त्याच्या मचाणावरून, त्याच्याच उंचीवरून लावा. अंधारात मोबाइल आपणहून चित्र उजळवतो आणि सगळी मेहनत वाया घालवतो, तेव्हा एक्स्पोजर आधी लॉक करा. रात्रीचे प्रसंग शक्यतो तिन्हीसांजेला, आभाळात थोडा निळा उजेड उरलेला असताना घ्या.

दुपार तर आपण वापरलेलीच नाही. मेच्या अखेरीस वर्ध्यात सूर्य ऐन माथ्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखाली गडप होते. भुताला सावली नसते म्हणतात. इथे तर जित्याजागत्या माणसालाही ती उरत नाही. भेगाळलेली काळी जमीन, झळांनी हलणारी चौकट, धुऱ्यावर उभी एकटी व्यक्ती. याहून जास्त प्रकाशयोजना कुठली हवी?

आता प्रतीकांबद्दल. लिंबू-मिरची, बाहुली, फडफडणारा दिवा ही वापरून झिजलेली आहेत. ती सोडली तरी बिघडत नाही. पांढरे केस मोकळे सोडलेली म्हातारी मात्र सोडलीच पाहिजे. २०२१ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वणी खुर्द इथे भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्यांसह बायापुरुषांना बांधून मारलं गेलं. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे, पण संशय पडद्यावरूनही पोसला जातो. तेव्हा नव्या दिग्दर्शकांना एकच विनंती : भय तुरीत शोधा, उन्हात शोधा, बंद जिनिंग कारखान्याच्या आवारात शोधा, गावातल्या एकट्या बाईच्या चेहऱ्यावर ते लादू नका.