‘ल्युपिन तिसरा’ : विनोदी मारधाडीच्या अ‍ॅनिमेचा पाया

मारधाड आणि विनोद यांची सांगड घालणाऱ्या जपानी अ‍ॅनिमे मालिकांमध्ये ‘ल्युपिन तिसरा’ या मालिकेचे स्थान पायाभूत आहे. तिचा पहिला भाग २४ ऑक्टोबर १९७१ रोजी प्रसारित झाला. पहिल्या प्रसारणात प्रेक्षकांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि २३ भागांनंतर, मार्च १९७२ मध्ये, ती संपली.

मालिकेचे मूळ मांगामध्ये, म्हणजे जपानी चित्रकथेत आहे. काझुहिको कातो या चित्रकाराने ‘मंकी पंच’ या टोपणनावाने १९६७ मध्ये ‘वीकली मांगा अ‍ॅक्शन’ या साप्ताहिकातून ती लिहायला घेतली. फ्रेंच लेखक मॉरिस लब्लाँ यांच्या आर्सेन ल्युपिन या सभ्य चोराचा नातू हा तिचा नायक. अचूक नेमबाज जिगेन, तलवारबाज गोएमोन, कधी साथ देणारी तर कधी दगा देणारी फुजिको आणि ल्युपिनच्या मागावर जग पालथे घालणारा इन्स्पेक्टर झेनिगाता ही तिची इतर मुख्य पात्रे. जेम्स बाँडचे चित्रपट आणि अमेरिकेतील ‘मॅड’ मासिकाची व्यंगचित्रे यांचा मंकी पंच यांच्यावर प्रभाव होता.

१९६३ मध्ये ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’पासून जपानी दूरचित्रवाणीवर अर्ध्या तासाच्या साप्ताहिक अ‍ॅनिमे मालिकांची प्रथा रुळली, पण या मालिका मुख्यतः मुलांसाठी असत. ‘ल्युपिन’चे पहिले दिग्दर्शक मासाआकी ओसुमी यांनी प्रौढ प्रेक्षक डोळ्यांसमोर ठेवला. चौथ्या भागात ल्युपिन वर्षभर तुरुंगात मुद्दाम पडून राहतो आणि मृत्युदंडाच्या दिवशी निसटतो. झेनिगाताने पकडल्याची भरपाई त्याला अशीच करून घ्यायची असते. अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक यासुओ ओत्सुका यांना मोटारी आणि यंत्रांचे वेड होते. त्यांनी ल्युपिनच्या हाती वॉल्थर पी-३८ पिस्तूल दिले, त्याला मर्सिडीज एसएसके गाडीत बसवले आणि प्रत्येक वस्तू खऱ्या नमुन्याबरहुकूम रेखाटली. काल्पनिक बंदुका आणि गाड्यांच्या त्या काळात हा मोठाच बदल होता.

रविवारी संध्याकाळी घरातली मुले दूरचित्रवाणीसमोर असत आणि त्या वेळेला ही मालिका मानवली नाही. प्रेक्षकसंख्या घसरली. सूर सौम्य करण्याची मागणी ओसुमी यांना मान्य नव्हती, म्हणून ते बाहेर पडले. त्यांच्या जागी हायाओ मियाझाकी आणि इसाओ ताकाहाता आले. त्यांच्या हाताखाली ऐश्वर्यात लोळणारा, कंटाळलेला ल्युपिन खिशात दमडी नसलेला, धडपड्या आणि हसरा झाला. मर्सिडीज मागे पडून छोटी फियाट ५०० पुढे आली. पाठलाग अधिक वेगवान आणि अधिक हास्यास्पद झाले. तरी गाड्यांचे वजन आणि उडीची उंची खरीच वाटत राहिली. धोका खरा वाटतो म्हणूनच त्यातून होणारी नायकाची विचित्र सुटका हसवते, हे या भागांनी दाखवून दिले.

मालिका बंद झाली, पण पुनःप्रक्षेपणांतून तिला नवा प्रेक्षक मिळाला. ती लोकप्रियता पाहून ऑक्टोबर १९७७ मध्ये दुसरी मालिका सुरू झाली आणि १९८० पर्यंत तिचे १५५ भाग झाले. मियाझाकी यांनी दिग्दर्शित केलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, ‘द कॅसल ऑफ कॅग्लिओस्ट्रो’ (१९७९), याच ल्युपिनवर आहे. दुसऱ्या मालिकेचा शेवटचा भागही त्यांनी टोपणनावाने दिग्दर्शित केला.

पुढे या प्रकाराला अनेक फाटे फुटले. ‘ड्रॅगन बॉल’ने (१९८६) चिनी युद्धकलेच्या विनोदी चित्रपटांचा बाज आणला. ‘काउबॉय बीबॉप’चे (१९९८) दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबे यांनी ‘ल्युपिन’चे ऋण स्वतः मान्य केले आहे. ‘वन-पंच मॅन’मध्ये (२०१५) एका ठोशात लढाई संपवणारा नायक कंटाळलेला असतो, तर ‘स्पाय एक्स फॅमिली’मध्ये (२०२२) गुप्तहेराला खोटे कुटुंब सांभाळावे लागते. या मालिकांच्या कथा निराळ्या आहेत, तरी लढाई मन लावून रेखाटायची आणि हसू माणसांच्या स्वभावातून काढायचे, ही रीत त्या सर्वांत दिसते. १९७१ च्या प्रेक्षकांचे पहिले मत पुढच्या काळाने खोडून काढले. म्हणूनच नव्या मालिकेची पारख एक-दोन भागांवर करू नये; ती आपला सूर शोधेपर्यंत तिला अवधी द्यावा.