आगीची वर्दी

माझें गांव वाणगांव. मुंबईहून पश्चिम रेल्वेनें डहाणूकडे जातांना बोईसर मागें पडलें, कीं पुढचें स्टेशन आमचें. उन्हाळ्याच्या दिवसांत आमच्या बाजूला जिकडे तिकडे धूर दिसतो. पावसापूर्वीं भाताच्या रोपांसाठीं जमीन भाजून घेण्याची तेथें जुनी चाल आहे. शेण, पालापाचोळा आणि काटक्या पसरून त्यांस आग लावितात. यालाच राब भाजणें म्हणतात. परक्या माणसास हा धूर पाहून धसका बसावा; पण ओटीवर बसलेली माझी आजी नुसत्या वासावरून सांगे, "राब आहे रे, बस तूं स्वस्थ." एके दिवशीं मात्र तीच आजी ताडकन् उठली आणि ओरडली, "हा पेंढ्याचा धूर! कोणाची तरी उडवी पेटली!" माणसें धांवलीं. उडवी गेली, पण शेजारचा गोठा आणि त्यांतलीं गुरें वांचलीं.

पुढें मोठेपणीं आगींचा इतिहास वाचतांना मला आजीच्या त्या हांकेची वारंवार आठवण झाली. आग लागणें हा पुष्कळदां अपघात असतो. पण आगीची वर्दी वेळेवर, पुरती आणि योग्य माणसास पोहोंचणें हें व्यवस्थेचें काम आहे. आपल्या इलाख्यांतील मोठ्या आगींची हकीकत पाहिली, तर पाण्याची किंवा धैर्याची वाण क्वचितच पडलेली दिसते. वाण पडते ती या वर्दीची. आज तिचाच थोडा इतिहास आपणांस सांगावा असा विचार आहे.

मुंबईच्या आगींत पहिली मोठी आग १७ फेब्रुवारी १८०३ ची. जोनाथन डंकन हे त्या वेळीं गव्हर्नर होते. किल्ल्याच्या कोटाच्या आंत त्या काळीं घरें दाटीवाटीनें उभीं होतीं, आणि बांधणींत लांकूडच फार. आग एका घरावरून दुसऱ्यावर गेली आणि वस्तीचा मोठा भाग जळून खाक झाला. या आगीनंतर कोटाबाहेर मोकळ्या जागेंत वस्ती वाढीस लागली. आज जें शहर आपण पाहतों, त्याच्या विस्ताराला त्या राखेचेंही खत मिळालेलें आहे. पुढें १८८७ सालीं मुंबईचें अग्निशामक दल रीतसर स्थापन झालें आणि १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यानें आगीपासून शहराचें रक्षण करणें हें म्युनिसिपालिटीचें कर्तव्य ठरलें.

परंतु बंब कितीही चांगला असला, तरी त्याला बोलावणें कोणी आणि कसें धाडावयाचें? पूर्वीं हें काम देवळांच्या व चर्चांच्या घंटांनीं आणि धांवणाऱ्या माणसांनीं केलें. १८५२ सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरांत डॉ. विल्यम चॅनिंग व मोझेस फार्मर यांनीं तारायंत्राचा उपयोग या कामीं केला. रस्त्यारस्त्यांवर पेट्या बसविल्या. पेटी चालविली, कीं तिचा क्रमांक तारेनें मध्यवर्ती ठाण्यांत जाई. पुढें कांच फोडून वर्दी देण्याच्या पेट्या जगभर पसरल्या. या युक्तीनें मिनिटें वांचलीं. पण तिची एक मर्यादा ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पेटीला स्थळ सांगतां येई. तेथें कसली आग आहे, किती मोठी आहे, हें सांगतां येत नसे. या मर्यादेची किंमत मुंबईनें १९४४ सालीं मोजली.

महायुद्धाचे दिवस होते. 'फोर्ट स्टिकीन' नांवाचें मालवाहू जहाज इंग्लंडांतून कराचीमार्गें १२ एप्रिल रोजीं मुंबईस आलें आणि व्हिक्टोरिया गोदींत लागलें. त्याच्या पोटांत सुमारें १,४०० टन दारूगोळा होता, आणि त्याच पोटांत कराचीस भरलेल्या कापसाच्या सुमारें ८,७०० गांठी. दारूगोळा असल्याची खूण म्हणून तांबडा बावटा लावावयाचा, तो लावलेला नव्हता. १४ एप्रिल रोजीं दुपारीं साडेबाराच्या सुमारास शेजारच्या जहाजांवरील कांहीं लोकांस 'फोर्ट स्टिकीन'मधून धुराची एक बारीक रेघ वर जातांना दिसली. कोणींही वर्दी दिली नाहीं. ज्याचें जहाज त्याला ठाऊक असेल, असें प्रत्येकास वाटलें. ती जेवणाची वेळ होती. सुट्टी संपवून हमाल परत आले, तेव्हां कोठें धुराची ओरड झाली.

गोदींतला बंब आला. आंत दारूगोळा आहे हें कळतांच बंबाच्या अधिकाऱ्यानें मोठ्या कुमकेची वर्दी देण्यासाठीं आपला एक माणूस धाडला. तो टेलिफोनापाशीं गेला, तों त्याला डायलच नव्हती! बिचाऱ्यानें धांवत जाऊन जवळच्या पेटीची कांच फोडली. पेटीनें आपलें काम चोख केलें. पण तिला एकच शब्द येत होता. मध्यवर्ती ठाण्यांत नेहमींसारखी साधी वर्दी पोहोंचली आणि साध्या वर्दीला शोभतील असे दोनच बंब निघाले. वस्तुस्थिति कळल्यावर आणखी बंब धांवले. पण पहिलीं मोलाचीं मिनिटें निघून गेलीं होतीं.

पुढचें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. सायंकाळीं ४ वाजून ६ मिनिटांनीं पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आंत दुसरा. गोदी, वखारी आणि आसपासची वस्ती पेटली. शेंकडों माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. टेलिफोनाला डायल असती तर हा सारा अनर्थ टळला असता, असें मीं म्हणणें धाडसाचें होईल. जहाज बुडवावें कीं बाहेर न्यावें, याचा निर्णयही वेळेवर झाला नाहीं. परंतु न लावलेला बावटा, न सांगितलेला धूर आणि बिनडायलचा टेलिफोन या तिन्ही गोष्टी एकाच जातीच्या आहेत. वर्दीचें साधन होतें किंवा असावयास हवें होतें. ऐन वेळीं तें मुकें ठरलें.

माणसाच्या या विसराळूपणावर उपाय म्हणून यंत्रच आपण होऊन वर्दी देईल अशी खटपट दोन दिशांनीं झाली. एक दिशा उष्णतेची. १८७४ सालीं अमेरिकेंत हेन्री पार्मेली यांनीं आपल्या पियानोच्या कारखान्यासाठीं छताला पाण्याचे नळ बसवून त्यांच्या तोंडाशीं उष्णतेनें वितळणारी धातु लाविली. आग भडकली, कीं तोंड उघडून पाण्याचा फवारा सुटावा, अशी ही रचना होती. कापसाच्या गिरण्यांना हे तुषारनळ वरदानच ठरले. हल्लीं पुष्कळ ठिकाणीं धातूऐवजीं द्रवानें भरलेली कांचेची बारीक कुपी असते. ती सामान्यतः ६८ अंश सेंटिग्रेडला फुटते.

दुसरी दिशा धुराची. स्विस शास्त्रज्ञ वाल्टर येगर हे १९३० नंतरच्या दशकांत विषारी वायूची सूचना देणारें यंत्र करूं पाहत होते. यंत्र वायूला कांहीं केल्या दाद देईना. कंटाळून त्यांनीं सिगारेट पेटविली, आणि काय नवल! धुरानें यंत्राचा काटा हालला. एर्न्स्ट मायली यांनीं पुढें या शोधाला व्यवहाराचें रूप दिलें. या जातीच्या यंत्रांत पुढें अमेरिशियम नांवाच्या किरणोत्सर्गी धातूचा कणभर अंश घालूं लागले. त्याच्या किरणांनीं आंतल्या हवेंतून विजेचा सूक्ष्म प्रवाह वाहतो. धूर शिरला कीं तो मंदावतो आणि घंटा वाजते. आमच्या वाणगांवच्या शेजारीं तारापूर येथें १९६९ सालीं देशांतील पहिलें अणुवीजकेंद्र सुरू झालें. त्याच अणुशास्त्राचा एक धाकटा भाऊ अशा रीतीनें छतावर पहारा करूं लागला. दुसऱ्या जातीचें यंत्र प्रकाशावर चालतें. कौलांतून घरांत कवडसा आला, कीं एरवीं न दिसणारी धूळ त्यांत चमकते, हें आपण लहानपणीं पाहिलें आहे. या डबीच्या आंत असाच एक कवडसा असतो. धुराचे कण त्यांत चमकले कीं यंत्रास जाग येते.

मग इतकी साधनें असतां आपण आज निर्धास्त कां नाहीं? ९ जानेवारी १९४४ नव्हे, २०२१ ची गोष्ट. मध्यरात्र उलटून गेली होती. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत नवजात बालकांच्या कक्षांत आग लागली. धूर प्रथम कळला तो दार उघडणाऱ्या परिचारिकेला. सतरा बालकांपैकीं सात वांचविलीं; दहा गेलीं. त्याच वर्षाच्या २३ एप्रिलला पहाटे आमच्याच पालघर जिल्ह्यांत, विरार येथें, एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत आग लागून तेरा रुग्ण त्या पहाटेंच दगावले. जीं माणसें स्वतः उठून दारापर्यंत जाऊं शकत नाहींत, त्यांच्यासाठीं वर्दीचें एकेक मिनिट म्हणजे एकेक श्वास असतो.

कायदा नाहीं असें नाहीं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. त्याच्या कक्षेंत येणाऱ्या इमारतींत आगीचीं साधनें बसविणें व तीं चालू स्थितींत राखणें ही जबाबदारी मालकाची किंवा ती जागा वापरणाराची आहे. साधनें चालू असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून घेऊन दरवर्षीं जानेवारींत व जुलैंत सादर करावयाचा असतो. पण दाखला कागदावर असतो आणि धूर जिन्यांत.

गेल्या दिवाळींत मी मुंबईस माझ्या एका आप्तांकडे गेलों होतों. इमारत उंच, नवी, देखणी. पहारेकऱ्याच्या खोलींत आगीच्या घंटांची पेटी भिंतीला होती, आणि तिच्यावर बिघाड दाखविणारा पिवळा दिवा जळत होता. मीं विचारलें. तो म्हणाला, "साहेब, तो रोजच पेटलेला असतो." वर गेलों तों मजल्यामजल्यावर छताच्या डब्यांना प्लॅस्टिकच्या टोप्या तशाच! रंगकाम झालें तेव्हां घातलेल्या, त्या कोणीं काढल्याच नव्हत्या. घंटा बंद कां, तर पावसाळ्यांत आंत किडे शिरून ती रात्रीं अपरात्रीं वाजे आणि मुलांची झोप मोडे. पंप आपोआप सुरू व्हावयाचा, तो हातानें सुरू करण्यावर ठेविलेला. कां, तर एकदां तो विनाकारण चालला. यांत दुष्ट कोणीच नव्हता. प्रत्येकानें आपल्यापुरतें शहाणपणच केलें होतें. गोदींतल्या त्या शेजारच्या जहाजांवरही शहाणींच माणसें होतीं.

म्हणून, श्रोतेहो, वर्दीचें यंत्र उगाच वाजूं लागलें तर त्याचा गळा दाबूं नये. तें कां वाजतें हें शोधावें. बहुधा कारण साधें असतें. धूळ किंवा कोळिष्टक सांचलें असेल, तर तें स्वच्छ करावें. न्हाणीघराची वाफ किंवा देवघरांतील धूप जवळ असेल, तर डबीची जागा बदलावी. आमच्याकडची मिरची फोडणींत पडली, कीं माणसांप्रमाणें धुराच्या यंत्रालाही ठसका लागतो. म्हणून स्वयंपाकघरांत धुराचें न लावतां उष्णतेचें यंत्र लावावें. थोड्या थोड्या वेळानें नुसता 'टुक्' असा आवाज येत असेल, तर तें आगीचें नव्हे, बॅटरी संपत आल्याचें गाऱ्हाणें आहे. डबीवरील कळ महिन्यांतून एकदां दाबून पाहावी, आणि घरगुती डबी दहा वर्षांची झाली कीं ती बदलावी. अग्निशामक नळकांड्यावर दाबाचा कांटा असेल तर तो हिरव्या पट्ट्यांत आहे ना, खीळ व तिचें मोहोर जागेवर आहे ना, हें पाहण्यास एक मिनिट पुरतें. टांकींत पाणी आहे ना, नळाच्या झडपा उघड्या आहेत ना, जिन्यांत अडगळ नाहीं ना, हें पाहण्यास एक फेरी पुरते. दुरुस्ती मात्र जाणत्या माणसाकडूनच करवावी. आणि आग दिसली, तर दुसऱ्यानें सांगितलें असेल असें न म्हणतां १०१ क्रमांकावर आपण स्वतः सांगावें; स्थळ तर सांगावेंच, पण काय पेटलें आहे आणि आंत कोण अडकलें आहे, हेंही सांगावें.

माझ्या आजीला अमेरिशियम ठाऊक नव्हतें. पण नेहमींचा धूर कोणता आणि घात करणारा कोणता, हें तिला कळे. आणि कळल्यावर ती गप्प बसत नसे. बंद खोल्यांच्या उंच इमारतींत तिचें नाक पोहोंचत नाहीं, म्हणून आपण तिच्या जागीं छतावर एक लहानसें यंत्र बसविलें आहे. हें भाषण संपल्यावर आपण उठून आपल्या जिन्यांतली ती डबी एकदां पाहून यावें, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.