कधीच न फुललेला गुच्छ

सतराव्या शतकातल्या डच पुष्पचित्रापुढे एखाद्या अनुभवी माळ्याला उभे केले, तर हा गुच्छ एका दिवशी एका बागेतून खुडलेला नाही हे त्याला लगेच कळेल. हॉलंडमध्ये ट्यूलिप एप्रिल-मेमध्ये फुलतो, गुलाब जूनमध्ये आणि हॉलीहॉक त्याच्याही नंतर. चित्रात मात्र ही सगळी एकाच फुलदाणीत असतात, आणि सगळी ताजी. असा गुच्छ अनेकदा आधी चित्रकाराच्या वहीत साठतो आणि मग फळीवर किंवा कॅनव्हासवर रचला जातो.

या रचनेचे मूळ शोधत गेले की आपण मिडलबर्गला पोहोचतो. अँटवर्पमध्ये १५७३ साली जन्मलेला आंब्रोसियस बोस्खार्त प्रोटेस्टंट कुटुंबातला होता. धर्मछळामुळे ते कुटुंब मिडलबर्गच्या बंदरात येऊन राहिले. इथे श्रीमंतांच्या बागा होत्या, परदेशी कंद होते, दूरच्या समुद्रांतले शंखशिंपले जहाजांतून उतरत होते. १६००च्या सुमारास बोस्खार्त नुसती फुले रंगवू लागला. एकेका फुलाचा अभ्यास तो जपून ठेवी. म्हणूनच एका चित्रातले फूल दुसऱ्या चित्रात हुबेहूब पुन्हा भेटते. त्याच काळात अँटवर्पचा यान ब्रूगेल मात्र फुलाकडे स्वतः जात होता. आपल्या गावात न मिळणारी फुले पाहून रंगवायला आपण ब्रुसेल्सला गेलो, असे त्याने १६०६ साली मिलानच्या कार्डिनल बोरोमेओंना कळवले. अशक्य गुच्छ असा दोन वाटांनी घडला, आणि दोन्ही वाटांवर प्रत्येक फूल मात्र खरे होते. मला या चित्रप्रकारातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते.

बोस्खार्तचे तीन मुलगे आणि मेहुणा बाल्थासार व्हान डर आस्ट यांनी हा धंदा पुढे नेला. पण बोस्खार्तची फुले कशी, तर समूह-छायाचित्रासाठी उभ्या केलेल्या माणसांसारखी: प्रत्येकाचा चेहरा समोर, कोणी कोणाला झाकत नाही. ही शिस्त मोडली विलेम व्हान आल्स्टने. त्याने गुच्छ एका बाजूला कलता केला, काही फुले पाठमोरी वळवली, काही अंधारात ढकलली. १६७९मध्ये त्याच्याकडे अ‍ॅमस्टरडॅममध्ये पंधरा वर्षांची एक मुलगी शिकायला आली. तिचे नाव राखेल राउश.

राखेल १६६४ साली हेगमध्ये जन्मली. वडील फ्रेडरिक राउश शरीररचनाशास्त्रज्ञ होते, १६८५पासून अ‍ॅमस्टरडॅममध्ये वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. जतन केलेले अवयव, प्राणी, कीटक आणि वनस्पती यांचा त्यांचा संग्रह पुढे १७१७मध्ये रशियाच्या झार पीटरने विकत घेतला. अशा घरात वाढलेल्या मुलीला पाकळीची मागची बाजू आणि किड्याच्या पायाचे सांधे वेगळे शिकावे लागले नसणार. शहराच्या वनस्पती-उद्यानात डच जहाजांनी आणलेली दूरदेशची झाडे वाढत होती. त्याच बागेच्या कारभाऱ्यांपैकी यान कॉमेलिन यांनी मलबारच्या वनस्पतींवरच्या ‘होर्टुस मलाबारिकुस’ या ग्रंथाला टिपा लिहिल्या. कोचीनमध्ये सिद्ध झालेल्या त्या ग्रंथात रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा वैद्यांचे नागरी लिपीतले कोंकणी प्रमाणपत्र छापलेले आहे. पुढे कॉमेलिन यांच्या स्वतःच्या उद्यानग्रंथाचा पहिला खंड १६९७मध्ये निघाला, तेव्हा त्याच्या संपादकांत फ्रेडरिक राउश होते. राखेलच्या उत्तरकाळातल्या चित्रांत परदेशी फुले इतक्या सहज येतात, त्यामागे हे सगळे जग आहे.

१६९३मध्ये तिने व्यक्तिचित्रकार युरियान पोलशी लग्न केले. दहा मुले झाली, आणि काम चालूच राहिले. १७०१मध्ये हेगच्या चित्रकारसंघात प्रवेश मिळवणारी ती पहिली स्त्री. १७०८मध्ये ड्युसेलडॉर्फला दरबार असलेले पॅलेटिनेटचे इलेक्टर योहान विल्हेल्म यांनी तिला दरबारी चित्रकार नेमले. पण अ‍ॅमस्टरडॅममध्येच राहून चित्रे पाठवण्याची मुभाही दिली. तिचे १७११चे फळे आणि कीटकांचे चित्र आज फ्लॉरेन्सच्या उफ्फिझीत आहे. त्यात फळांच्या पायथ्याशी घरटे आहे, अंडी आहेत आणि त्यांवर टपलेला सरडा. व्हान आल्स्टचा कलता गुच्छ तिच्या हातात आणखी मोकळा झाला. देठ लवतात, पानांना कीड लागलेली दिसते, आणि एवढी गर्दी असूनही नजर कुठे अडखळत नाही.

हे काम किती सावकाश चाले हे राखेलचा समकालीन पुष्पचित्रकार यान व्हान हाउसम याच्या चित्रांतून कळते. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या त्याच्या एका पुष्पचित्रावर १७३६ आणि १७३७ अशी दोन साले आहेत. आदल्या वर्षी पिवळा गुलाब मिळाला नाही म्हणून दुसरे एक चित्र रखडले, असे त्याने १७४२मध्ये एका ग्राहकाला लिहिले होते.

१७२३मध्ये राखेलच्या कुटुंबाला सोडतीत ७५,००० गिल्डर लागले. तरी तिने कुंचला खाली ठेवला नाही. उतारवयात ती चित्रावर सहीसोबत आपले वयही लिहू लागली, आणि १७४७च्या चित्रावर तो आकडा ८३ आहे. १७५०मध्ये ती वारली. त्याच वर्षी अकरा कवींनी तिच्या गौरवार्थ लिहिलेल्या कवितांचा संग्रह प्रसिद्ध झाला.