दुष्काळ, अनाथ बालके आणि परदेशी मिशनरी सेवा : पश्चिम व मध्य भारतातील अनुभवाचा ऐतिहासिक अभ्यास (१८९६–१९०५)

गोषवारा
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन मोठ्या दुष्काळांत अमेरिकेतील ख्रिस्ती समाजाने भारतातील निराधार बालकांसाठी धान्य, पैसा आणि माणसे पाठविली. प्रस्तुत लेखात अहमदनगर, केडगाव व धमतरी या तीन केंद्रांच्या आधारे या सेवेचे स्वरूप तपासले आहे. 'अनाथ' या संज्ञेची व्याप्ती, बालकाच्या धर्माचा प्रश्न आणि सेवकाच्या मुक्कामाचा कालावधी या तीन कसोट्यांवर या कार्याचे मूल्यमापन केले आहे.

बीजसंज्ञा : दुष्काळ, अनाथालय, अमेरिकन मराठी मिशन, मुक्ती मिशन, मेनोनाइट मिशन, स्वयंसेवा.

प्रस्तावना
परदेशातील अनाथ बालकांच्या सेवेसाठी ख्रिस्ती मंडळींच्या वतीने प्रवासास निघणे ही आज अमेरिका व युरोपात रूढ झालेली प्रथा आहे. चर्चमधील तरुण-तरुणी एक-दोन आठवड्यांसाठी आफ्रिका, आशिया वा कॅरिबियन बेटांवरील अनाथालयांत जातात आणि परत येऊन आपल्या मंडळीस अनुभव सांगतात. या प्रथेचा विचार बहुधा वर्तमानकाळापुरता केला जातो. परंतु दूरदेशीच्या उपाशी मुलाचे छायाचित्र, त्यावरून केलेले आवाहन, जमा झालेला निधी आणि त्यामागोमाग निघालेला प्रवासी ही साखळी शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच पूर्ण स्वरूपात अस्तित्वात आली होती. तिच्या घडणीत महाराष्ट्र, गुजरात व मध्य प्रांत यांना महत्त्वाचे स्थान आहे. त्यामुळे या सेवेचा इतिहास हा जितका अमेरिकन चर्चचा, तितकाच नगर, केडगाव व धमतरीचाही इतिहास ठरतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी
१८९६-९७ चा दुष्काळ मुंबई इलाखा, मध्य प्रांत, वायव्य प्रांत व बंगालचा काही भाग यांना व्यापून होता. त्याच सुमारास, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईत प्लेगचा उद्भव झाला. या दोन आपत्तींतून लोक सावरतात न सावरतात तोच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. विक्रम संवत १९५६ वरून गुजरात-राजस्थानात तो 'छपनिया' या नावाने आजही ओळखला जातो. या वेळी गुजरातेत गुराढोरांचा प्रचंड संहार झाला आणि त्यामुळे शेतकरी कुटुंबांचा आधारच तुटला.

अशा काळात कुटुंब एकाएकी नाहीसे होत नाही, ते टप्प्याटप्प्याने विखुरते. पुरुष कामाच्या शोधात जातो, स्त्री दुष्काळी कामावर खडी फोडते, वृद्ध गावातच राहतात आणि मुले रस्त्यावर वा अन्नछत्रात सापडतात. सरकारी दप्तरात यांतील पुष्कळ मुलांची नोंद 'अनाथ' अशी होई. प्रत्यक्षात त्यांत तीन निरनिराळे वर्ग होते : आईबाप मृत्यू पावलेली मुले, आईबापांची चुकामूक झालेली मुले, आणि ज्यांना पोसणे अशक्य झाल्यामुळे आईबापांनीच सोडून दिले अशी मुले. एकाच शब्दाने तिघांचा निर्देश झाल्यामुळे पुढील अनेक प्रश्न निर्माण झाले.

अमेरिकेतील आवाहन आणि मदतीची यंत्रणा
न्यूयॉर्कहून प्रसिद्ध होणाऱ्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाचे चालक लुई क्लॉप्श यांनी भारतातील दुष्काळाची वार्ता अमेरिकन घराघरांत नेली. शब्दांपेक्षा छायाचित्रांचा परिणाम अधिक होतो हे त्यांनी ओळखले होते. हाडांचे सापळे झालेल्या मुलांची चित्रे वाचून नव्हे तर पाहून लोक पैसे पाठवीत. १८९७ मध्ये 'सिटी ऑफ एव्हरेट' हे जहाज सॅन फ्रान्सिस्कोहून मका घेऊन कलकत्त्यास आले. १९०० मध्ये 'क्विटो' हे जहाज न्यूयॉर्कहून सुमारे दोन लाख बुशेल मका घेऊन मुंबईकडे निघाले. त्याच वर्षी क्लॉप्श स्वतः भारतात येऊन दुष्काळी भाग पाहून गेले. हेदर कर्टिस यांनी 'होली ह्युमॅनिटेरियन्स' (२०१८) या ग्रंथात या साप्ताहिकाच्या कार्याची सविस्तर चिकित्सा केली आहे.

निधीच्या या यंत्रणेत एक नवी कल्पना रुजली. दात्याने एका विशिष्ट मुलाच्या संगोपनाचा वार्षिक भार उचलायचा, ही ती कल्पना होय. त्यामुळे दूरच्या दात्यास 'आपले' मूल लाभले आणि मदतीस सातत्य आले. मात्र याच व्यवस्थेमुळे अनाथालयातील मुलासाठी पैसा मिळणे सुलभ झाले, तर त्याच मुलास त्याच्या विधवा आईजवळ ठेवण्यासाठी तशी कोणतीही सोय निर्माण झाली नाही.

प्रवासी सेवक : जॉर्ज लँबर्ट
या काळातील प्रवासी सेवकाचे ठळक उदाहरण म्हणजे इंडियाना राज्यातील एल्कहार्ट येथील धर्मोपदेशक जॉर्ज लँबर्ट. त्यांच्या व इतरांच्या प्रयत्नांतून १८९७ मध्ये एल्कहार्ट येथे 'होम अँड फॉरेन रिलीफ कमिशन' स्थापन झाले आणि मेनोनाइट पंथीयांनी दिलेल्या मदतीच्या वाटपावर देखरेख करण्यासाठी लँबर्ट भारतात आले. परत गेल्यावर त्यांनी 'इंडिया, द हॉरर-स्ट्रिकन एम्पायर' हा सचित्र ग्रंथ १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. दुष्काळ, प्लेग व भूकंप यांनी ग्रासलेला देश असे भारताचे चित्र त्यात उभे राहते.

लँबर्ट यांच्या प्रवासाचे दोन परिणाम झाले. युद्धविरोधी, साधी राहणी पाळणारा आणि तोवर परदेशी मिशनकार्यापासून दूर राहिलेला अमेरिकन मेनोनाइट समाज भारताकडे वळला, हा पहिला परिणाम होय. दुसरा परिणाम अधिक गुंतागुंतीचा आहे. ग्रंथाच्या शीर्षकातूनच एका विशाल समाजाची ओळख 'भयग्रस्त' या एका विशेषणात बांधली गेली. त्यात दुष्काळाच्या काळात मुलांना घास देणारा शेजारी, अन्नछत्र चालविणारा सावकार वा गावातील धर्मशाळा यांना फारसे स्थान उरले नाही. काही महिन्यांसाठी आलेल्या आणि स्थानिक भाषा न जाणणाऱ्या पाहुण्यास जे दिसू शकते, तेच पुढे दूरच्या वाचकांचे ज्ञान बनले.

मुक्कामी सेवक : धमतरी व अहमदनगर
लँबर्ट यांच्या आवाहनानंतर जे. ए. रेसलर आणि डॉ. विल्यम पेज व त्यांच्या पत्नी हे पहिले मेनोनाइट मिशनरी मार्च १८९९ मध्ये मुंबई बंदरात उतरले. वर्षअखेरीस त्यांनी मध्य प्रांताच्या रायपूर जिल्ह्यातील धमतरी हे ठिकाण निवडले. दुष्काळ सुरू झालेला असल्याने धर्मोपदेशाआधी अन्नवाटप व अनाथांचा सांभाळ हीच कामे त्यांच्या वाट्यास आली. प्रकृतीच्या कारणाने पेज दांपत्यास लवकरच मायदेशी परतावे लागले. रेसलर मात्र भाषा शिकून तेथे राहिले. दुष्काळ सरला, परंतु मुले राहिली. त्यांना वाढविणे, शिकविणे, त्यांचे विवाह लावणे व उपजीविकेची सोय करणे हे काम पुढील दोन दशके पुरले. या मुलांच्या वसाहतीसाठी मिशनने बालोदगहान हे गाव विकत घेतले. धमतरीचे पहिले मेनोनाइट ख्रिस्ती कुटुंबसमूह मुख्यतः याच दुष्काळी मुलांतून घडले.

अहमदनगर येथील परिस्थिती काहीशी वेगळी होती. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत १८१३ पासून व नगरमध्ये १८३१ पासून चालू होते. येथील रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्मच १८४७ मध्ये मुंबईस झालेला. १९०० मध्ये अमेरिकन मदतनिधीच्या वाटपाची मुख्य जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि या कार्याबद्दल सरकारने त्यांना 'कैसर-ए-हिंद' हे सुवर्णपदक दिले. नगरमध्ये मुलांच्या संगोपनाइतकाच त्यांच्या पोटापाण्याचा विचार झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे आलेले डी. सी. चर्चिल हे अभियंते होते. त्यांनी पारंपरिक मागात सुधारणा करून अधिक वेगाने विणणारा हातमाग तयार केला. मुलास कापड वाटण्याऐवजी त्याच्या हाती माग देणारी ही दृष्टी दीर्घ मुक्कामाशिवाय आली नसती.

केडगाव : नेतृत्वाचा प्रश्न
पंडिता रमाबाईंचे उदाहरण या संपूर्ण विवेचनात निराळे ठरते. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील व बहीण अन्नावाचून गेली होती. भूक ही त्यांच्यासाठी छायाचित्रातील गोष्ट नव्हती. १८८७ मध्ये बोस्टन येथे स्थापन झालेल्या 'रमाबाई असोसिएशन'च्या साहाय्याने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले व पुढे ते पुण्यास आले. १८९६-९७ मध्ये रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार स्त्रिया व मुली घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवणे अशक्य झाल्याने केडगाव येथील शेतजमिनीवर वसाहत उभी राहिली. १९०० मध्ये गुजरातेतील दुष्काळग्रस्त मुलींची त्यात भर पडली आणि मुक्ती सदनातील संख्या दीड हजारांच्या पलीकडे गेली.

या वसाहतीत अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आदी देशांतून स्त्री-सेविका येत. १८९८ मध्ये आलेल्या मिनी एब्रम्स या अमेरिकन मिशनरी त्यांपैकी प्रसिद्ध होत. परंतु येथे निर्णय रमाबाईंचा असे. कोणती मुलगी काय शिकेल, शेती, विणकाम, तेलघाणा वा छापखाना यांपैकी कोठे काम करील, हे ठरविणारी व्यक्ती मराठी भाषक होती. परदेशी सेविका साहाय्यक होत्या. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे मुद्रण याच मुलींनी चालविलेल्या छापखान्यात झाले, ही बाब या दृष्टीने बोलकी आहे.

अर्थात स्थानिक नेतृत्वामुळे सर्व प्रश्न सुटले असे म्हणता येत नाही. १९०५ मध्ये मुक्ती सदनात धार्मिक जागृतीची मोठी लाट आली. अन्न, निवारा व शिक्षण ज्या संस्थेकडून मिळते तिच्याच धर्मश्रद्धेचा स्वीकार करताना मुलीस कितपत स्वातंत्र्य होते, हा प्रश्न केडगावलाही लागू होतो.

बालकाच्या धर्माचा वाद
शारदा सदनातील मुलींवरील ख्रिस्ती प्रभावावरून १८९३ मध्ये पुण्यात मोठा वाद झाला होता आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले होते. दुष्काळानंतर हाच वाद देशव्यापी झाला. आर्य समाजाच्या वतीने लाला लजपतराय यांनी हिंदू अनाथांच्या संरक्षणाची चळवळ उभारली आणि १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे साक्षही दिली. अनाथ मुलास प्रथम नातलगांकडे, ते न मिळाल्यास स्वधर्मीयांकडे सोपवावे आणि त्यानंतरच अन्य संस्थेचा विचार व्हावा, ही त्यांची मागणी होती.

या वादास धर्मांतराच्या राजकारणाइतकीच मर्यादा घालणे अपुरे ठरेल. मूल नेमके कोणाचे, हा त्यातील मूळ प्रश्न होता. मिशनऱ्यांचे उत्तर असे की, जो त्यास जगवितो त्याचे. टीकाकारांचे उत्तर असे की, ज्या समाजात ते जन्मले त्याचे. दोन्ही बाजूंना मुलाची स्वतःची इच्छा विचारण्याचे सुचले नाही. त्याचबरोबर हेही नोंदविले पाहिजे की, मिशनच्या अनाथालयांमुळेच हिंदू समाजातील संस्थात्मक बालसंगोपनास वेग आला. महाराष्ट्रात ही जाणीव अगदी नवी नव्हती. महात्मा फुले यांचे १८६३ मधील बालहत्या प्रतिबंधक गृह आणि प्रार्थना समाजाशी संबंधित कार्यकर्त्यांनी १८७५ मध्ये पंढरपुरात उभारलेली संस्था ही तिची पूर्वीची उदाहरणे होत.

वर्तमानाशी अनुबंध
या इतिहासातील प्रश्न संपलेले नाहीत. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत झालेल्या भूकंपानंतर अमेरिकेतील बाप्टिस्ट स्वयंसेवकांचा दहा जणांचा गट ३३ मुलांना सीमेपलीकडे डोमिनिकन प्रजासत्ताकात नेत असताना अडविला गेला. ही मुले अनाथ असल्याचे सांगण्यात आले होते. चौकशीअंती त्यांचे आईवडील वा जवळचे नातलग हयात असल्याचे आढळले. गरिबीमुळे व चांगल्या शिक्षणाच्या आशेने त्यांनीच मुले स्वाधीन केली होती. १९०० मधील 'अनाथ' या शब्दाची संदिग्धता येथे जशीच्या तशी दिसते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने डिसेंबर २०१९ मध्ये संमत केलेल्या बालहक्कविषयक ठरावात मुलांना कुटुंबापासून अनावश्यक रीतीने वेगळे करण्यास विरोध केला असून अनाथालयांतील स्वयंसेवी पर्यटनाच्या धोक्यांची दखल घेतली आहे. भारताच्या २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातही संस्थेतील निवास हा अखेरचा उपाय मानला आहे.

निष्कर्ष
१. परदेशी मिशनरी मदतीमुळे दुष्काळात हजारो बालकांचे प्राण वाचले, ही वस्तुस्थिती निर्विवाद आहे. धर्मप्रसाराच्या हेतूकडे बोट दाखवून ती नाकारता येत नाही.
२. 'अनाथ' ही संज्ञा अनेकदा मृत्यूपेक्षा दारिद्र्याची निदर्शक होती. मदतीचा ओघ संस्थेकडे वळल्यामुळे तुटलेली कुटुंबे पुन्हा जोडण्याचा मार्ग दुर्लक्षित राहिला.
३. अल्पकालीन प्रवासाने निधी व सहानुभूती निर्माण केली. मुलांचे जीवन मात्र भाषा शिकून वर्षानुवर्षे राहिलेल्या सेवकांनी व स्थानिक कार्यकर्त्यांनी घडविले.
४. केडगावच्या अनुभवावरून असे दिसते की, परदेशी सेवा स्थानिक नेतृत्वाखाली राहिल्यास ती अधिक फलदायी होते. तथापि बालकाच्या श्रद्धास्वातंत्र्याचा प्रश्न तेथेही शिल्लक राहतो.
५. सेवकाचा प्रवास काही आठवड्यांचा वा महिन्यांचा असतो, तर बालकाचे आयुष्य पन्नास-साठ वर्षांचे. म्हणून अशा सेवेचे मोजमाप दात्याच्या समाधानावरून न करता, ते मूल पुढे कोणत्या भाषेत, कोणत्या माणसांत आणि किती स्वावलंबनाने जगले यावरून करणे इतिहासाच्या दृष्टीने अधिक न्याय्य ठरेल.