बीजिंग ऑलिम्पिक उद्‌घाटन सोहळा (२००८) : राष्ट्रप्रमुखांच्या उपस्थितीचा प्रश्न

चीनच्या राजधानीत ८ ऑगस्ट २००८ रोजी झालेल्या ऑलिम्पिक क्रीडास्पर्धांच्या उद्‌घाटनाला जावे की न जावे, यावरून त्या वर्षीच्या मार्च ते ऑगस्ट या काळात अनेक देशांच्या नेत्यांपुढे उभा राहिलेला राजकीय व नैतिक पेच. खेळाडू पाठवायचे, पण नेत्याने सोहळ्याला जायचे नाही, हा बहिष्काराचा मर्यादित प्रकार या वादातून ठळकपणे पुढे आला. पुढे ‘राजनैतिक बहिष्कार’ या नावाने तो रूढ झाला.

ऑलिम्पिक सनदेनुसार स्पर्धा सुरू झाल्याची घोषणा यजमान देशाचा राष्ट्रप्रमुख ठरावीक शब्दांत करतो. बीजिंगमध्ये ती हू जिंताव यांनी केली. परदेशी नेत्यांना या सोहळ्यात कोणतेच औपचारिक काम नसते. ते फक्त प्रेक्षागारात बसतात. त्यामुळेच त्यांच्या येण्या-न येण्याला दुसरा काही अर्थ उरत नाही. येणे म्हणजे यजमानाचा मान राखणे, आणि न येणे म्हणजे तो नाकारणे.

मॉस्को (१९८०) येथील बहिष्काराची आठवण या वादामागे सतत होती. अफगाणिस्तानातील सोव्हिएत फौजांच्या निषेधार्थ अमेरिकेसह अनेक देशांनी तेव्हा पथकेच पाठवली नाहीत. काही पश्चिमी देशांची पथके गेली, पण राष्ट्रध्वजाऐवजी ऑलिम्पिक ध्वज घेऊन चालली. भारत मॉस्कोला गेला आणि हॉकीचे सुवर्णपदक घेऊन आला. फौजा मात्र अफगाणिस्तानात १९८९पर्यंत राहिल्या. किंमत मोजली ती खेळाडूंनी. चार वर्षांनी पुन्हा संधी मिळेल, अशी खात्री खेळाडूच्या आयुष्यात कोणालाच नसते. २००८ मध्ये बहिष्कार फक्त सोहळ्यापुरता ठेवण्याची सूचना पुढे आली, तिचे मूळ या अनुभवात आहे. या लेखकाच्या मते ती सूचना योग्यच होती.

वाद तिबेटवरून पेटला, पण त्याची सुरुवात तिबेटपासून झाली नाही. सुदानच्या दारफूर प्रांतातील हत्याकांडाकडे चीन तेलासाठी डोळेझाक करतो, असा आरोप आधीपासून होत होता. फेब्रुवारी २००८ मध्ये चित्रपट-दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी त्याच कारणाने सोहळ्याचे कलासल्लागारपद सोडले. १४ मार्च रोजी तिबेटची राजधानी ल्हासात हिंसाचार उसळला, चीनने तो बळाने मोडून काढला आणि परदेशी पत्रकारांना तिबेट बंद केले. मृतांचे चिनी सरकारने दिलेले आकडे आणि धरमशालेच्या निर्वासित तिबेटी सरकारचे आकडे यांत मोठी तफावत राहिली. त्यानंतरच्या काही दिवसांत ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संघटनेने नेत्यांना सोहळ्यापुरता बहिष्कार घालण्याचे आवाहन केले. खुद्द दलाई लामा यांनी मात्र स्पर्धांवरील बहिष्काराला पाठिंबा दिला नाही.

२४ मार्च रोजी ऑलिम्पियात पेटवलेली ज्योत जगभर फिरू लागली आणि वाद रस्त्यावर आला. ६ एप्रिलला लंडनमध्ये निदर्शकांनी मशाल हिसकावण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी पॅरिसमध्ये ज्योत अनेकदा विझवून बसमध्ये न्यावी लागली. १० एप्रिल रोजी युरोपीय संसदेने ठराव करून, चीन दलाई लामांशी पुन्हा बोलणी सुरू करत नसेल तर सोहळ्याला न जाण्याचा पर्याय खुला ठेवा, असे सदस्य देशांच्या नेत्यांना सुचवले.

नेत्यांची उत्तरे वेगवेगळी आली, आणि ती देण्याच्या पद्धतीत खरा फरक दिसतो. पोलंडचे पंतप्रधान डोनाल्ड टुस्क यांनी मार्चमध्येच जाणार नसल्याचे उघड सांगितले. जर्मनीच्या चॅन्सेलर आंगेला मेर्केल गेल्या नाहीत, पण आपला जाण्याचा बेत कधी नव्हताच, असे त्यांच्या बाजूने सांगण्यात आले. कॅनडाचे पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी परराष्ट्रमंत्र्यांना पाठवले. ब्रिटनचे गॉर्डन ब्राउन उद्‌घाटनाला न जाता समारोपाला गेले. पुढची स्पर्धा लंडनला असल्याने ते जाणे सहज खपले. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की-मून यांनी आधीच ठरलेल्या कार्यक्रमांचे कारण दिले. न जाणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ‘बहिष्कार’ हा शब्द टाळला. ज्यांच्यासाठी आपण जात नाही, त्यांचे नावही घ्यायचे नाही, ही या प्रकरणातली सर्वांत खेदाची बाब. टुस्क यांचा साधा, लवकर दिलेला नकार त्यामुळेच वेगळा उठून दिसतो.

फ्रान्सचे अध्यक्ष निकोला सार्कोझी यांनी सगळ्यांत लांब घोळ घातला. मार्चमध्ये सर्व पर्याय खुले असल्याचे ते म्हणाले, आणि आपली उपस्थिती चीन व दलाई लामांच्या प्रतिनिधींमधील बोलण्यांशी जोडली. पॅरिसमधील गोंधळानंतर चीनमध्ये कार्फूर या फ्रेंच दुकानसाखळीविरुद्ध निदर्शने झाली. चाकाच्या खुर्चीवरून मशाल नेणाऱ्या ज्या चिनी महिला खेळाडूला पॅरिसमध्ये धक्काबुक्की सोसावी लागली होती, तिच्यासाठी सार्कोझींनी दिलगिरीचे पत्र फ्रेंच सिनेटच्या अध्यक्षांबरोबर शांघायला पाठवले. ४ मे रोजी शेन्झेनमध्ये चिनी अधिकारी व दलाई लामांचे दूत भेटले. १२ मे रोजी सिचुआनमध्ये भीषण भूकंप झाला, सुमारे ६९,००० लोक मृत्युमुखी पडले आणि चीनविषयीचा जगाचा सूर मवाळ झाला. १ जुलैला युरोपीय संघाचे फिरते अध्यक्षपद फ्रान्सकडे आले, आणि त्याच महिन्यात सार्कोझींनी जाण्याचे जाहीर केले. या दोन बाजूंच्या जुलैमधील बीजिंग बैठकीतूनही तिबेटच्या पदरात ठोस काही पडले नव्हते. अट घातली, ती पुरी झाली नाही, आणि तरी अट घालणारा गेला.

त्याने फ्रान्सला मिळाले काय, हेही नोंदवायला हवे. डिसेंबरमध्ये पोलंडच्या ग्दान्स्क शहरात सार्कोझी दलाई लामांना भेटणार हे कळताच चीनने १ डिसेंबरची लिऑन येथील युरोपीय संघ-चीन शिखर बैठक पुढे ढकलली. ऑगस्टमधल्या उपस्थितीची पुण्याई चार महिनेही पुरली नाही.

अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश पहिल्यापासून जाण्यावर ठाम होते. हिलरी क्लिंटन यांनी त्यांना न जाण्याचे आवाहन केले होते. बुश यांनी खेळ आणि राजकारण वेगळे ठेवण्याची भूमिका घेतली, पण ती कोरडी नव्हती. जुलैअखेर त्यांनी चिनी बंडखोर विचारवंतांना व्हाइट हाउसमध्ये भेट दिली, आणि सोहळ्याच्या आदल्या दिवशी बँकॉकमधील भाषणात चीनमधील मानवी हक्कांच्या स्थितीवर टीका केली. परदेशातील ऑलिम्पिक उद्‌घाटनाला हजर राहिलेले ते पहिले अमेरिकी अध्यक्ष. जपानचे यासुओ फुकुदा, ऑस्ट्रेलियाचे केव्हिन रड आणि रशियाचे पंतप्रधान पुतिन हेही आले. रात्री ८ वाजता ‘पक्ष्याचे घरटे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्टेडियममध्ये २,००८ वादकांच्या तालावर सोहळा सुरू झाला, तेव्हा जॉर्जियात युद्ध पेटले होते.

भारताचा प्रश्न अधिक नाजूक होता, कारण दलाई लामा आणि तिबेटी निर्वासितांचा मोठा समुदाय इथेच राहतो. विदर्भातही गोठणगावजवळ १९७० च्या दशकापासून तिबेटी वसाहत आहे. १७ एप्रिलला दिल्लीत मशालफेरी राष्ट्रपती भवन ते इंडिया गेट एवढ्यावर आटोपली, तीही हजारो पोलिसांच्या कड्यात आणि सामान्य माणसाला दूर ठेवून. फुटबॉलपटू बायचुंग भुतिया यांनी तिबेटी जनतेविषयीच्या सहानुभूतीपोटी मशाल धरण्यास नकार दिला, आणि किरण बेदी यांनीही अशा बंदोबस्तात धावण्याचे नाकारले. सिक्कीमच्या एका खेळाडूने जे मोकळेपणी केले, ते सरकारला करायचे नव्हते. पंतप्रधान मनमोहन सिंग गेले नाहीत. काँग्रेस अध्यक्ष सोनिया गांधी चीनच्या निमंत्रणावरून, आणि क्रीडामंत्री मनोहरसिंग गिल, असे दोघे उपस्थित राहिले. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी तिरंगा वाहिला. तीन दिवसांनी अभिनव बिंद्राने भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले.

सोहळ्यापुरत्या बहिष्काराचा हा मार्ग नंतरही वापरला गेला. सोची (२०१४) येथे बराक ओबामा यांनी स्वतः न जाता बिली जीन किंग यांच्यासारख्या समलिंगी खेळाडूंना शिष्टमंडळात नेमले, रशियाच्या समलिंगीविरोधी कायद्याला दिलेले ते उत्तर होते. बीजिंगच्याच हिवाळी ऑलिम्पिकसाठी (२०२२) अमेरिकेने ६ डिसेंबर २०२१ रोजी शिनजियांगमधील उइगुरांच्या छळाचे कारण स्पष्ट सांगून राजनैतिक बहिष्कार जाहीर केला. ब्रिटन, कॅनडा व ऑस्ट्रेलिया त्यात सामील झाले. पुतिन याही वेळी आले. भारताने निर्णय आदल्या दिवसापर्यंत लांबवला. भारतीय व चिनी सैनिकांमधील गलवानच्या चकमकीत जखमी झालेल्या चिनी सेनाधिकाऱ्याच्या हाती चीनने मशाल दिल्यानंतर, ३ फेब्रुवारीला परराष्ट्र मंत्रालयाने बीजिंगमधील प्रभारी राजदूत उद्‌घाटनाला व समारोपाला जाणार नसल्याचे सांगितले, आणि दूरदर्शननेही दोन्ही सोहळे न दाखवण्याचे ठरवले. दुसऱ्या दिवशी काश्मीरचा स्कीपटू आरिफ खान, त्या स्पर्धेतील भारताचा एकुलता एक खेळाडू, तिरंगा घेऊन स्टेडियममध्ये चालला.