अठरा वर्षांनंतरचा दिव्यांग तरुण : अर्थसाहाय्याचे बदललेले नियम

दिव्यांग मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते प्रौढ ठरते. त्याच्या गरजा मात्र त्या दिवशी बदलत नाहीत. बदलतात ते त्याला लागू होणारे नियम. कुटुंबांना त्यांची वेळेवर माहिती व्हावी, म्हणून आम्ही ते येथे संक्षेपाने देत आहोत.

१९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आलेल्या २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. त्यामुळे आत्ममग्नता, थॅलेसेमिया इत्यादींनी बाधित मुलांचाही त्यात समावेश झाला. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलास ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यापुढे उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव असून प्रवेशवयात ५ वर्षांची सवलत मिळते.

जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचा दाखला ‘यूडीआयडी’ या संगणकीय प्रणालीतूनच दिला जातो. ज्या दाखल्यावर मुदत नमूद असेल, त्याचे नूतनीकरण मुदत संपण्यापूर्वीच करून घ्यावे. अन्यथा पुढील सर्व लाभ अडून राहतात.

महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे साहाय्य २०१९ मध्ये दरमहा ६०० वरून १,००० रुपये, तर २०२३ मध्ये १,५०० रुपये झाले. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये करण्यात आले. ही वाढ स्वागतार्ह आहे. तथापि, दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ४,१६६ रुपये ठेवलेली आहे. घरात एकाची जरी नियमित मजुरी असली, तरी ही मर्यादा सहज ओलांडली जाते. ज्या तरुणास स्वतःचे उत्पन्न नाही, तो वडिलांच्या मजुरीमुळे अपात्र ठरतो. कायद्याने प्रौढ मानलेल्या व्यक्तीची पात्रता तिच्या स्वतःच्या उत्पन्नावरून ठरावी, असे आमचे मत आहे.

आत्ममग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या तरुणांबाबत आणखी एक बाब महत्त्वाची आहे. १८ वर्षांनंतर आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. बँकेचे व मालमत्तेचे व्यवहार पुढे सुरळीत चालावेत, यासाठी हे प्रमाणपत्र उपयोगी पडते. याच न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विमा योजनेत १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते.

आयकराच्या नियमातही २०२२ मध्ये बदल झाला. दिव्यांग पाल्यासाठी करसवलत देणाऱ्या विमा योजनांचे पैसे पूर्वी पालकाच्या मृत्यूनंतरच पाल्यास मिळत. आता पालकाने वयाची ६० वर्षे पूर्ण केल्यावर व हप्ते भरणे थांबविल्यावर, त्याच्या हयातीतही ते मिळू शकतात. ही करसवलत जुनी करप्रणाली स्वीकारणाऱ्यांनाच लागू आहे.

मूल सोळा-सतरा वर्षांचे असतानाच पालकांनी दाखला, बँक खाते आणि उत्पन्नाचा दाखला यांची तयारी करावी. पालकत्वाची कागदपत्रेही जमवून ठेवावीत. ‘आमच्यानंतर याचे कसे होणार?’ ही अशा प्रत्येक घरातील चिंता असते. कागदपत्रांनी ती संपत नाही. परंतु कागदांअभावी हक्काचे साहाय्य हातचे जाऊ नये, एवढी दक्षता आपण निश्चित घेऊ शकतो.