हाली, कलदार आणि एक सप्तमांश

1947च्या अखेरीला नांदेड भागातलं एखादं कुटुंब हैदराबादच्या निजामाची पाठराखण करणाऱ्या सशस्त्र रझाकारांच्या धाकानं पैनगंगा ओलांडून उमरखेडला पोचलं, की त्याच्या कनवटीच्या रुपयाचे सोळा आणे उरत नसत. नदीच्या अलीकडे सोळा आण्यांचा असलेला तो रुपया पलीकडे साधारण पावणेचौदा आण्यांचा व्हायचा. नाव तेच, आणे-पैही त्याच, फक्त मोल वेगळं. घर सोडून आलेल्या पोरांना परमुलखातला पहिला धडा मिळे तो या फरकाचा.

नांदेड तेव्हा हैदराबाद संस्थानात होतं, आणि संस्थानाचं स्वतःचं चलन होतं. चारमिनारची छाप असलेला त्याचा उस्मानिया रुपया लोकांच्या तोंडी ‘हाली’ होता, तर इंग्रजांचा रुपया ‘कलदार’. हालीत चांदी कमी असे. 1918पासून निजामानं कागदी नोटाही काढल्या, आणि ही मुभा हिंदुस्थानातल्या दुसऱ्या कोणत्याही संस्थानाला नव्हती. सरकारी भाव ठरलेला होता : शंभर कलदार म्हणजे 116 हाली रुपये, 10 आणे, 8 पै. हा आकडा पाहून घाबरायचं कारण नाही. सात हाली बरोबर सहा कलदार, एवढाच त्याचा अर्थ.

एवढाच, पण त्यात एक चकवा आहे. कलदारचे हाली करायचे तर रकमेत तिचा सहावा हिस्सा मिळवायचा : 36 कलदारात 6 मिळवले की 42 हाली. आता उलट जायचं झालं तर? सहावा हिस्सा मिळवला होता, मग सहावाच वजा करू, असं साध्या माणसाला वाटणारच. 42मधून 7 गेले, उरले 35. पण खरं उत्तर 36 आहे, कारण परतीच्या वाटेवर सातवा हिस्सा वजा करावा लागतो. एका हिशोबात एक रुपया गेला, आणि तो गेला हे ज्याचा गेला त्याला कळलंसुद्धा नाही. सराफाचा बट्टा याशिवाय वेगळा. बाजारातला भाव सरकारी भावाच्या आसपास खालीवर होत असे तोही वेगळा.

हे गणित ज्यांना पाठ होतं ते व्यापारी. 1911मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली. इंग्रजी मुलखातल्या बार्शीहून निघालेली ही चिंचोळी गाडी निजामाच्या हद्दीत शिरली आणि लातूरच्या धान्य-कापसाला बाहेरची वाट फुटली. माल मुंबईकडे निघाला की त्याची किंमत कलदारात, शेतसारा मात्र हालीत. दोन्ही टोकं सांभाळणाऱ्या पेढीवरच्या पोराला गादीवर बसल्या बसल्या सातवा हिस्सा काढता यायचा. शेतकऱ्याच्या पोराला यायचा नाही. पंतोजीच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अगदी साडेतीनची औटकीसुद्धा घोकून घेत; पण साता-सहाचा मेळ या पाढ्यांत कुठेच नव्हता. जो पाढा या मुलखाला सगळ्यात जास्त लागत होता, तोच पाठांतरातून सुटलेला! सरकारी शाळांवर उर्दूचा पगडा, त्यामुळे मराठी घरातल्या पोराचा हिशोब बहुधा घरात किंवा बाजारातच पक्का व्हायचा.

29 नोव्हेंबर 1947ला निजाम आणि भारत सरकार यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत निजाम सरकारनं दोन वटहुकूम काढले. एकानं मौल्यवान धातू संस्थानाबाहेर नेण्यावर निर्बंध आले, दुसऱ्यानं भारतीय चलन संस्थानात बाद ठरलं. दिल्लीत या वटहुकुमांची चर्चा करारभंग म्हणून झाली. पण सरहद्दीकडे निघालेल्या कुटुंबाच्या बाजूनं पाहिलं तर पळतीचे दोन्ही आधार, सोनं आणि कलदार, एकदमच अडचणीत आले होते. लातूर-उस्मानाबादकडची माणसं बार्शी-सोलापूरला गेली, नांदेडकडची उमरखेड-पुसदला. कुणाला सोयऱ्यांचं घर सापडलं, कुणाला धर्मशाळा.

याच सरहद्दीवर हैदराबाद स्टेट काँग्रेसचे कॅम्प उभे राहिले. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या निजामाविरुद्धच्या लढ्यात कॅम्पांवरची बरीचशी मंडळी विशी-पंचविशीची होती. शाळा-कॉलेज सोडून आलेल्या या तरुणांना शिधा, गाड्या, शस्त्रं यांसाठी पैसा उभा करायचा होता. 30 जानेवारी 1948ला त्यांनी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीला हैदराबाद स्टेट बँकेची शाखा लुटली. रक्कम सुमारे 20 लाखांची. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली, त्यामुळे एरवी देशभर गाजली असती अशी ही घटना मराठवाड्याबाहेर फारशी कुणाला ठाऊक नाही. मराठवाड्यात मात्र लुटीच्या धाडसाइतकंच आणखी एका गोष्टीबद्दल कौतुकानं बोललं जातं : त्या पैशाचा पै न् पै हिशोब ठेवला गेला. ज्यांच्यातल्या कित्येकांनी आयुष्यात शंभराची नोट हाताळली नसेल, त्यांच्या हाती लाखांची रोकड आली, आणि सोबत ती वहीत उतरवायची जबाबदारीही. हिशोबाची याहून कडक शाळा शोधून सापडायची नाही.

13 ते 17 सप्टेंबर 1948 या पाच दिवसांत भारतीय सैन्याची पोलीस ॲक्शन पार पडली, निजामाची सत्ता गेली आणि सरहद्दीवरची कुटुंबं परतू लागली. पण उखडणं थांबलं नाही, फक्त माणसं बदलली. पंडित सुंदरलाल समितीनं नंतरच्या हिंसाचाराची पाहणी केली, तेव्हा मुसलमान वस्त्यांना सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. कर्ती माणसं गमावलेल्या घरांतल्या पोरांवर संसाराचा व्यवहार वेळेआधीच येऊन पडला. मुक्तिसंग्रामाच्या गौरवात हे पान सहसा उलटून टाकतात.

पैशाचं कोडंही लगेच सुटलं नाही. 1950मध्ये भारतीय रुपया संस्थानात अधिकृतपणे आला तो हालीच्या शेजारीच, साता-सहाच्या त्याच भावानं. पुढच्या वर्षी नवे हाली काढणं बंद झालं, तरी ते पूर्णपणे बाद व्हायला 1959 साल उजाडलं. मध्येच 1 एप्रिल 1957ला दशमान पद्धत अवतरली. आता आण्याचे नवे पैसे करायचे : एका आण्याचे 6, दोन आण्यांचे 12, तीन आण्यांचे 19, चार आण्यांचे 25. एकेक आण्याच्या तीन वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर 18 पैसे, एकदम घेतल्या तर 19. देशभर लोक या कोष्टकांवर डोकं खाजवत होते. नांदेड-लातूरकडचं विशीतलं पोर मात्र दहा वर्षांत तीन हिशोब शिकलं होतं. आजोबांच्या गाठोड्यातले हाली, पगाराचे रुपये-आणे आणि दुकानातले नवे पैसे.

पुढची मोठी उखड निसर्गानं केली. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर जिल्ह्यातला किल्लारी परिसर भूकंपानं हादरला. सुमारे आठ हजार माणसं गेली. भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली सुमारे 1200 मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. 52 गावं नव्या जागी वसवायची ठरली, आणि त्यापलीकडे लातूर-उस्मानाबादमधल्या शेकडो गावांत घरांची दुरुस्ती होती. जागतिक बँकेच्या मदतीनं चाललेल्या या कार्यक्रमात दुरुस्तीचा पैसा घरमालकाला हप्त्याहप्त्यानं, बँक खात्यातून मिळणार होता. काम अमुक टप्प्याला आलं, तपासणी झाली, की पुढचा हप्ता.

सरकारी कागदावर हे सोपं दिसतं. ज्याच्या घरात आजवर पासबुकच नव्हतं, त्याच्यासाठी खातं उघडणं हीच पहिली परीक्षा. गावोगाव ‘संवाद सहायक’ म्हणून बायका नेमल्या गेल्या त्या इथे. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं त्यांना साथ दिली. योजना काय आहे, हप्ता कशावर अडतो, सिमेंट आणि गवंडी यांवर किती जातं, हे त्या घरोघरी समजावून देत. यातल्या कित्येक चावडीसमोरून डोक्यावरचा पदर न सावरता जात नसत. त्याच आता इंजिनियरला मापं विचारू लागल्या. घरं उभी राहिल्यावर या बायकांमधून बचत गट उभे राहिले, आणि महिन्याची वर्गणी, कर्ज, व्याज यांची वही गावातच लिहिली जाऊ लागली.

26 जानेवारी 2001ला कच्छ हादरलं, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या बायकांपैकी काही जणी तिकडे गेल्या. घरबांधणीचं काम आणि त्याचा पैसा यांवर गावानं स्वतः नजर कशी ठेवायची, हे गुजरातच्या खेड्यांतल्या बायकांना सांगायला.